पाच तास पाच मिनिटांचा उजेड

कराडपासून बारा-तेरा किलोमीटरवर आमचा मळा आहे. घराच्या मागं मोकळी जागा, तिच्या कडेला बांध आणि बांधाला लागून ऊस. पौष अमावास्येच्या आसपासच्या तीन रात्री मी त्या मोकळ्या जागेत ६१ मिलिमीटर व्यासाची दुर्बीण लावून बसले होते. रोझेट तेजोमेघाचा फोटो घ्यायचा होता. नोकरीला मी पुण्यात असते आणि तिथल्या माझ्या गच्चीवरून हल्ली मृगाचे चार कोपरे आणि मधले तीन तारे दिसले तरी बरं वाटतं, इतकं आकाश उजळलेलं असतं. म्हणून रजा टाकून माहेरी आले.

रोझेट शोधायला सोपा आहे आणि दिसायला अशक्य. मृगातल्या तांबूस काक्षी ताऱ्यापासून पूर्वेच्या प्रश्वा ताऱ्यापर्यंत मनात एक रेघ ओढायची. हात लांब करून काक्षीला लागून मूठ धरली की मुठीच्या पलीकडच्या कडेला, रेघेच्या थोडं दक्षिणेला, शृंगाश्व तारकासमूहात तो आहे. तिथं डोळ्यांना काहीच दिसत नाही. द्विनेत्री लावली तर पाच-सहा ताऱ्यांचा एक लांबट पुंजका दिसतो. तो आकाशवस्तूंच्या एनजीसी या यादीतला क्रमांक २२४४, जॉन फ्लॅमस्टीडनं १६९० च्या सुमारास नोंदवलेला. त्या पुंजक्याभोवती गुलाबासारखी पसरलेली वायूची पाकळ्यांची रास म्हणजे रोझेट. आकाशात तो पौर्णिमेच्या चंद्राच्या अडीचपट रुंद आहे. इतका मोठा असूनही एकोणिसाव्या शतकातल्या निरीक्षकांना मोठ्या दुर्बिणींतून त्याचे तुकडेच दिसले आणि प्रत्येकानं आपापला तुकडा वेगळा म्हणून नोंदवला. त्यामुळं एकाच फुलाला २२३७, २२३८, २२३९ आणि २२४६ असे क्रमांक आहेत. मला ही गोष्ट फार आवडते. सगळ्यांनी खरंच लिहिलं होतं, पण पूर्ण फूल कुणाच्याच नजरेत मावत नव्हतं.

न दिसण्याचं कारण त्याच्या रंगात आहे. मधले तरुण, अतितप्त तारे भोवतालच्या हायड्रोजनला पेटवतात आणि तो वायू ६५६.३ नॅनोमीटरच्या गडद लाल रंगात उजळतो. अंधारात आपण डोळ्यांतल्या ज्या पेशींनी बघतो, त्या या लाल रंगाला जवळजवळ आंधळ्या असतात. साध्या कॅमेऱ्यातही सेन्सरपुढची काच या रंगाचा बराचसा भाग अडवते. म्हणून दोन वर्षं पैसे साठवून मी खगोल छायाचित्रणाचा थंड होणारा रंगीत कॅमेरा घेतला. त्याच्यापुढं एक फिल्टर बसवते. तो हायड्रोजनचा लाल आणि ऑक्सिजनचा निळसर हिरवा, एवढे दोन अरुंद पट्टे सोडून बाकी उजेड परतवून लावतो. दुर्बिणीचं नाभीय अंतर ३६० मिलिमीटर. या जोडीत आकाशाचा १.८ अंशांचा चौकोन मावतो, म्हणजे रोझेट भोवताली थोडी मोकळी जागा ठेवून बसतो. दुर्बीण पाण्याच्या बाटलीएवढी आहे. पहिल्यांदा पाहिली तेव्हा अप्पा म्हणाले, “एवढीशीच?” या कामात दुर्बिणीपेक्षा तिच्याखालचं माउंट महत्त्वाचं असतं, हे मला त्यांना बरंच समजावून सांगावं लागलं.

माउंट म्हणजे पृथ्वी जितक्या वेगानं फिरते तितक्याच वेगानं दुर्बिणीला उलट फिरवणारं यंत्र. माझ्या जोडणीत माउंट बंद असेल तर तारा एका सेकंदात सात पिक्सेल सरकतो. मला एकेक फ्रेम, म्हणजे एकेक फोटो, पाच मिनिटांचा हवा होता. त्यासाठी माउंटचा आस आकाशाच्या ध्रुवबिंदूवर अचूक रोखावा लागतो. आपल्याकडची अडचण इथंच सुरू होते. युरोप-अमेरिकेतले लोक ध्रुव शोधताना मान वर करतात. कराडचा अक्षांश १७ अंशांच्या थोडा वर, त्यामुळं ध्रुव तारा क्षितिजापासून जेमतेम १७ अंशांवर लटकलेला असतो, धुरक्यात आणि झाडांच्या शेंड्यांत.

आमच्या उत्तरेला शेजाऱ्यांचं नारळाचं झाड आहे. पहिल्या रात्री ध्रुव नेमका त्याच्या झावळ्यांत होता. वारा आला की क्षणभर दिसायचा, पुन्हा गायब. तिकाटणं उचलून डावीकडं नेलं तर गोठ्याचं पत्र्याचं छप्पर मधे. उजवीकडं गेलं तर बांधाची माती भुसभुशीत, एक पाय खचायचा. सव्वा तास त्यातच गेला. शेवटी बांधाच्या अलीकडं एक जागा सापडली, झाड आणि छप्पर यांच्यामधल्या फटीत ध्रुव स्वच्छ दिसणारी. ध्रुव तारा खऱ्या ध्रुवबिंदूवर नसतो, चंद्राच्या रुंदीपेक्षा थोडा जास्तच बाजूला असतो आणि त्याच्याभोवती फिरतो. त्या घडीला तो कोणत्या बाजूला आहे हे अ‍ॅपवर बघून माउंटचे दोन स्क्रू हलक्या हातानं फिरवत जुळवायचं. जुळलं. मी पहिली फ्रेम सुरू केली आणि दक्षिणेकडचं आकाश नारिंगी झालं.

कुणीतरी तोडणी झालेल्या रानातलं पाचट पेटवलं होतं. हंगामात हे रोजचंच. दहा मिनिटांत काजळी यायला लागली, ती लांबुळकी काळी पानं, हाताला लागली की भुगा होणारी. एक दुर्बिणीच्या भिंगावर येऊन बसली. पुसायचा मोह आवरला, कारण भिंगावर राख घासली की ओरखडा कायमचा. रबरी ब्लोअरनं उडवली, झाकण लावलं आणि आत गेले. नऊ फ्रेम झाल्या होत्या, सगळ्या धुरकट. त्या रात्रीची कमाई एवढीच, की तिकाटण्याच्या तीन पायांखाली सकाळी सिमेंटचे तीन ठोकळे बसवून घेतले. आता तिथं पाय ठेवले की ध्रुवाची जुळणी पाच-सात मिनिटांत होते. त्या ठोकळ्यांचा मला आजही आनंद होतो.

दुसऱ्या रात्री आकाश धुतल्यासारखं होतं. साडेसातला रोझेट पूर्वेला पुरेसा वर आला. फोकससाठी बाहतिनोव्ह मास्क लावला. पावेल बाहतिनोव्ह या रशियन हौशी छायाचित्रकारानं २००५ मध्ये काढलेली ही युक्ती. तिरप्या चिरांची एक जाळी दुर्बिणीच्या तोंडावर ठेवायची आणि एखाद्या ठळक ताऱ्याकडं बघायचं. ताऱ्याचे प्रकाशाचे तीन काटे होतात, दोन फुलीसारखे आणि एक मधून जाणारा. फोकसचं चाक केसभर फिरवलं की मधला काटा फुलीतून एका बाजूला सरकतो. तो बरोबर मधे येईपर्यंत मी श्वासही जपून घेत होते, कारण चाकाला बोट लागलं तरी पडद्यावर तारा नाचतो. मधे आला. स्क्रू आवळला, जाळी काढली. ही जाळी काढायला विसरण्याची भीती मला कायम वाटते, म्हणून तिला लाल रिबन बांधली आहे.

कॅमेरा उणे दहा अंशांवर थंड केला. सेन्सर दर सहा-सात अंशांनी थंड झाला की उष्णतेमुळं येणारे खोटे ठिपके साधारण निम्मे होतात. मुख्य दुर्बिणीवर एक बोटभर गाइड दुर्बीण आहे. तिचा कॅमेरा दर दोन सेकंदांनी एका ताऱ्याकडं बघतो आणि तो जरा हलला की माउंटला सूचना देतो. हे सगळं चाललं होतं ट्रॅक्टरच्या जुन्या बॅटरीवर. एकवीस फ्रेम सुरेख आल्या. त्यानंतर मात्र बॅटरीचा व्होल्टेज ११.२ वर आला आणि कॅमेऱ्याचं तापमान वर चढायला लागलं. विजेचा खर्च कमी करावा म्हणून भिंगाभोवतीची दव रोखणारी गरम पट्टी मी बंद केली.

ती चूक होती. पंधरा-वीस मिनिटांत फ्रेममधल्या ताऱ्यांभोवती तेजाची वलयं दिसू लागली. पातळ ढग आले असतील म्हणून वर पाहिलं, तर आकाश लख्ख. मग लाल दिव्यात भिंग पाहिलं. आरशावर फुंकर मारल्यावर होतो तसा सायीसारखा थर, आणि कडेला त्याचे बारीक थेंब जमून ओघळायच्या बेतात आलेले. कृष्णाकाठची थंडी म्हणजे दव. रात्रभर ऊस भिजलेला असतो, पत्रा भिजलेला असतो, दुर्बीण कशी कोरडी राहील? भिंग उघड्या आकाशाकडं बघत बसतं, त्यामुळं ते हवेपेक्षाही थंड होतं आणि दव आधी त्याच्यावर धरतं. गरम पट्टी भिंगाला फक्त एक-दोन अंश उबेत ठेवते, पण तेवढ्यावरच सगळं अवलंबून असतं. मग माउंटही थांबलं आणि ती रात्र संपली.

तिसऱ्या दिवशी अप्पांनी मोटारीची शिल्लक वायर काढली आणि घरातून थेट बांधापर्यंत लाइन ओढून दिली. अप्पा तिन्ही रात्री माझ्यासोबत होते. आमच्या भागात उसात बिबट्या असतो. गेल्या हंगामात शेजारच्या वस्तीवरचं कुत्रं नेलं होतं. त्यामुळं “तू एकटी बसायचं न्हाई” हे पहिल्याच दिवशी ठरलं होतं. ते बाज टाकून घोंगडी पांघरून बसायचे, उशाला काठी, हातात बॅटरी. बॅटरीच्या तोंडावर मी लाल कापड बांधलं होतं, कारण पांढऱ्या उजेडानं डोळ्यांची अंधाराची सवय मोडते. त्यांनी एकदाही ते काढलं नाही. पिंगळा ओरडला की ते नुसते हूं म्हणायचे आणि टिटवी ओरडली की उठून उभे राहायचे, कारण टिटवी उगाच ओरडत नाही.

बांधापलीकडं ऊसतोडीची टोळी उतरली होती, बीडकडची. संध्याकाळी टोळीतली माणसं आमच्या घरी मोबाइल चार्जिंगला लावायला यायची. त्या रात्री एक बाई आली, सोबत दहा-अकरा वर्षांची मुलगी. मुलगी थेट लॅपटॉपपाशी येऊन उभी राहिली. पडद्यावर नुकतीच आलेली एक फ्रेम होती, उजळून दाखवलेली. सगळीकडं वाळूसारखी खरखर आणि मधोमध तांबूस काहीतरी.

“हे धुरावानी काय हाय?”

मी बोट करून आकाशातली जागा दाखवली. तिनं बराच वेळ बघितलं. “तिथं तर काहीच न्हाई.”

तिची आई म्हणाली, “तिकांडं हाय की ते, त्याच्या बाजूला दाखवतेत ताई.” मृगातल्या तीन ताऱ्यांना ती तिकांडंच म्हणत होती. आमची आजीही तेच म्हणायची. मृग मावळतीला टेकला की टोळी उठते, कोयते घेऊन फडात जाते, हेही तिनंच सांगितलं.

मी मुलीला सांगितलं, की तिथं उजेड आहे, पण इतका थोडा की डोळ्यात साठत नाही. डोळा क्षणभराचं बघतो आणि सोडून देतो. हा कॅमेरा पाच मिनिटं न मिटता बघतो, आणि असं मी साठ-सत्तर वेळा करणार आहे.

ती म्हणाली, “बोअरला बारीक धार असती तवा हंडा धरून बसतेत, तसं?”

मी “हो” म्हणाले. इतक्या वर्षांत मला हे इतक्या सोप्या शब्दांत कुणाला सांगता आलं नव्हतं. तिच्या आईनं तिला ओढून नेलं, पहाटे लवकर उठायचं होतं. जाताना मुलगी म्हणाली, “झालं की दाखवा.”

ती रात्र चांगली गेली. दहाच्या सुमारास ऊस वाहणारे ट्रॅक्टर रस्त्यावरून गेले, मोठ्यानं गाणी लावून, आणि त्यांच्या दिव्यांचा झोत बांधावरून फिरला. चार फ्रेम वाया. सव्वाअकराला रोझेट डोक्यावर आला. मध्यान्हवृत्त, म्हणजे आकाशाच्या मधली उत्तर-दक्षिण रेघ, ओलांडलं की दुर्बीण तिकाटण्याला धडकू नये म्हणून माउंटला ती उचलून दुसऱ्या बाजूला न्यावी लागते. अंधारात ती आपोआप सावकाश वळते, मोटारचा बारीक आवाज करत, आणि त्या मिनिटभरात माझं लक्ष फक्त केबलींवर असतं. कुठं अडकली नाही. फोकस पुन्हा तपासला, कारण पारा उतरला की नळी आखडते. त्यानंतर करण्यासारखं काहीच उरलं नाही. दर पाच मिनिटांनी एक आकडा वाढत होता.

अप्पांनी विचारलं, “किती लांब हाय ते?”

“सुमारे पाच हजार प्रकाशवर्षं.”

“म्हंजे हा उजेड पाच हजार वर्सांमागं निघाला?”

“हो.”

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “पांडवांच्या वेळचा म्हण की.” सकाळी त्यांनी पंचांग काढून मला कलियुगाचा आकडा दाखवला, ५,१०० च्या वरचा. मी म्हटलं, आपल्याकडं प्रवरेकाठच्या दायमाबादला हजारो वर्षांपूर्वी माणसं वस्ती करून राहिली त्याच्याही कितीतरी आधी हा उजेड निघाला होता. आम्ही दोघं आपापल्या हिशेबानं एकाच ठिकाणी पोचलो होतो.

पहाटेचं एक काम राहिलं होतं, ते अनेक जण टाळतात आणि मग पस्तावतात. दुर्बिणीच्या कडा मधल्यापेक्षा थोड्या काळसर येतात, आणि फिल्टरवर बसलेला धुळीचा कण फोटोत काळ्या कडीसारखा उमटतो. ते काढायला ‘फ्लॅट’ घ्यावे लागतात, एकसारख्या उजेडाचे फोटो. कॅमेरा जराही न हलवता, आहे तसा. फटफटायला लागलं तसं अप्पांचं धुतलेलं पांढरं धोतर मी दुहेरी करून दुर्बिणीच्या तोंडावर ताणलं, रबर लावलं आणि उगवत्या उजेडाकडं रोखून तीस फोटो घेतले. त्यात तीन कड्या स्पष्ट दिसल्या. काजळीचे कण असणार. नंतर झाकण लावून फ्रेमएवढ्याच वेळाचे, पाच-पाच मिनिटांचे ‘डार्क’ घेतले, सेन्सरचे स्वतःचे डाग ओळखायला.

दोन रात्रींच्या मिळून सदुसष्ट फ्रेम. पुण्याला येऊन एकेक उघडून पाहिली. ट्रॅक्टरच्या चार आणि दवाच्या दोन काढल्या. एकसष्ट उरल्या, म्हणजे पाच तास पाच मिनिटांचा उजेड. सिरिल नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात त्या एकमेकींवर ताऱ्याला तारा जुळवून रचल्या. रचण्याचा हिशेब असा, की खरखर फ्रेमच्या संख्येच्या वर्गमुळाच्या पटीत कमी होते. एकसष्टचं वर्गमूळ जवळजवळ आठ. सोळा फ्रेमनी खरखर चौथाई होते, पण तिथून ती आणखी निम्मी करायला चौसष्ट लागतात. म्हणून कष्ट शेवटी शेवटी जास्त आणि फळ कमी वाटतं, तरी बारीक पाकळ्या त्या शेवटच्या तासांतच येतात. उपग्रहांच्या रेघाही यातच जातात. साठ फ्रेममध्ये नसलेली गोष्ट एकसष्टाव्यात दिसली, तर ती टाकायची हे सॉफ्टवेअरला कळतं.

रचून झालेलं चित्र उघडलं तर पडदा काळा, चार-दोन ठिपके. पहिल्यांदा असं झालं होतं तेव्हा सगळं वाया गेलं म्हणून मला रडू आलं होतं. आता माहीत आहे, की सगळा उजेड त्या काळ्याच्या अगदी तळाशी दाटून बसलेला असतो आणि त्याला उकलून वर आणायचं असतं. बटण दाबलं. काळ्यातून ते आलं. मधली पोकळी, ताऱ्यांच्या वाऱ्यानं वायू दूर लोटून केलेली. तिच्या कडेला ऑक्सिजनची निळसर झाक, बाहेर हायड्रोजनच्या लाल पाकळ्या. आणि एका बाजूनं त्या लालावर काळ्या धुळीचे गोळे, मुंग्यांच्या रांगेसारखे. बार्ट बॉक यांनी १९४० च्या दशकात म्हटलं होतं, की अशा गोळ्यांमध्ये नवे तारे घडत असावेत. ते गोळे माझ्या परसातल्या फोटोत आले होते. मी खुर्चीतून उठून उभी राहिले आणि अप्पांना फोन लावला. रात्रीचे पावणेबारा वाजले होते, त्यांनी उचलला.

पुढचं काम चार संध्याकाळी चाललं. रंग फार भडक करू नयेत असं माझं मत आहे. हल्ली काही साधनं खरखर पुसताना नसलेले धागेदोरेही रंगवून देतात. ती मी वापरली नाहीत. डाव्या कोपऱ्यातले तारे जरा लांबट आले आहेत, कॅमेरा आणि भिंग यांच्यातलं अंतर अर्धा मिलिमीटर चुकलं असावं. पुढच्या वेळी वॉशर घालून बघेन. पण आला तो उजेड आला तसा आहे.

दोन प्रती छापून फेब्रुवारीत मळ्यावर गेले. एक अप्पांनी माजघरात पंचांगाच्या खिळ्याशेजारी लावली. दुसरी त्या मुलीसाठी होती. बांधापलीकडं ऊस संपला होता, रान मोकळं दिसत होतं, खोप्यांच्या जागी चुलीचे दगड होते. टोळी पुढच्या फडाला गेली होती. मुकादमाचा नंबर अप्पांकडं होता. ती प्रत जाड पुठ्ठ्यात घालून कारखान्यावर जाणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याच्या हाती त्याच्याकडं पाठवली आहे. पाठीमागं लिहिलं आहे, ‘तिकांड्याच्या बाजूचं, हंडा भरल्यावर.’ पोचल्याचा निरोप अजून आलेला नाही.